मोहन किती घातलंत?

अहो वहिनी, ऐकलंत का? थांबा, आधी तो गॅस बारीक करून या. घाईघाईत सांगायची गोष्ट नाही ही. आणि अशा इकडे या, जास्वंदीकडे. तिथे उभं राहून बोललं की त्यांच्या गच्चीत सगळं ऐकू जातं.

त्यांच्या म्हणजे कोपऱ्यावरच्या वहिनींच्या हो. त्यांचा मुलगा एमएच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत आडवा झाला! एप्रिलमध्येच झालं हे, पण इतके दिवस घरात नुसतं 'निकाल लागायचाय, निकाल लागायचाय' चाललं होतं. मला कसा संशय आला सांगू? महिनाभर त्या वहिनी भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करत नव्हत्या. ही बाई गप्प बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं मला कळतं.

तुम्हाला दिवाळीचं आठवतं ना? त्यांचे ते चिरोटे? पदर सुटलेले, गुलाबी कडांचे, अगदी फोटोतल्यासारखे. सगळ्या बायका 'अय्या, घरी केलेत?' आणि ह्या मान हलवून 'हो, रात्री एकपर्यंत बसले होते'. मग मी, अगदी साधेपणाने हो, कुठलाही हेतू नव्हता माझा, विचारलं, 'मोहन किती घातलंत?' त्यांचा चेहरा! एकदा म्हणाल्या दोन चमचे, एकदा म्हणाल्या वाटीभर. तेवढ्यात नातीने स्वयंपाकघरातून गृहउद्योगाचा रिकामा डबा आणला, किमतीच्या चिठ्ठीसकट. पुढचा अर्धा तास बाई पाहुण्यांना चहाच विचारत राहिल्या.

तर काय सांगत होते... हां, तोंडी. मुलाचा विषय काय, तर तासगावकडच्या बेदाणा शेडवर काम करणाऱ्या बायांची मजुरी. चांगला विषय आहे हो, तक्रार विषयाची नाही. ऐंशी पानं, इंग्रजीतून, सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग. वडील तर पेढ्यांची ऑर्डर देऊन बसले होते म्हणे. बाहेरून परीक्षक आल्या त्या एक बाई, पन्नाशीच्या, कॉटनची साडी, चष्मा दोरीला. त्यांनी पानं चाळली, मधेच थांबल्या आणि विचारलं, 'बाळ, डिपिंग कशात करतात?'

हा गप्प.

'घड वाळत घालायच्या आधी बुडवतात ना, ते कशात?'

हा म्हणाला, 'पाण्यात.'

आता तुम्हीच सांगा, आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या मुलाला हे माहीत नसावं? पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल पाण्यात कालवतात, त्यात घड बुडवतात, म्हणजे सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. मग शेडमध्ये जाळीच्या रॅकवर, सावलीत, पंधरा-एक दिवस. आणि ह्याच्या प्रोजेक्टात काय लिहिलेलं? दोन ओळींच्या मधल्या जमिनीवर कागद अंथरतात, त्यावर द्राक्षं पसरून उन्हात वाळवतात! बाई म्हणाल्या, 'हे कॅलिफोर्नियात करतात. तू कुठल्या तासगावला गेला होतास?' त्या बाईंच्या माहेरी द्राक्षबाग निघाली हो. नशीब म्हणतात ते असं.

हे मला कोणी सांगितलं विचारू नका. त्या कॉलेजचा एक शिपाई आमच्याकडच्या रिक्षावाल्याचा साडू आहे, एवढंच सांगते. कॉलेजचं नाव मी घेणार नाही, घ्यायची गरजही नाही.

पुढे ऐका, खरी गंमत पुढेच आहे. बाई शेवटच्या पानांवर गेल्या, संदर्भग्रंथांवर. म्हणाल्या, 'हे चौथं पुस्तक माझ्या वाचनात आलं नाही, जरा आणून दाखवशील?' मुलगा म्हणाला लायब्ररीत आहे. लायब्ररीत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला फोन केला, तिथेही नाही. कारण ते पुस्तक जगात कुठेच नाही! एक लेख तर असा की मासिक खरं, वर्ष खरं, पान नंबरसुद्धा त्या अंकातला, फक्त लेख तेवढा नाही. त्याच्या गाइड सरांच्या कपाळावर म्हणे एप्रिलच्या उन्हाने येतो त्याहून जास्त घाम.

सगळं त्या चॅटजीपीटीने लिहिलेलं. एक ओळ ह्याची नाही.

मी आमच्या वन्संच्या मुलीला फोन केला, ती पुण्याला प्राध्यापक आहे ना, तिला ह्यातलं सगळं कळतं. म्हटलं, अगं, यंत्र खोटं का बोलेल? त्याला काय मिळणार? ती म्हणाली, 'मामी, ते खोटं बोलत नाही आणि खरंही बोलत नाही. उखाण्यात नाही का, चांदीच्या ताटात म्हटलं की पुढे काय शोभेल ते आपोआप तोंडात येतं? घरात चांदीचं ताट असो नसो. तसं ते एका शब्दापुढे कुठला शब्द शोभेल हे बघत जातं. पुस्तकाचं नाव माग, पुस्तकाला शोभेलसं नाव देतं.' मला एका फटक्यात कळलं हो. माझ्या लग्नातला उखाणाही असाच होता, त्यात ह्यांना कविता करता येतात असं होतं. असो.

आणि म्हणाली, पोरांचं काय घेऊन बसलीस. ते न्यूयॉर्कचे वकील नाहीत का, २०२३ सालचे? विमान कंपनीवरच्या दाव्यात सहा खटल्यांचे दाखले दिले कोर्टात, सहाच्या सहा ह्या यंत्राने रचलेले. वर त्या वकिलाने यंत्रालाच विचारलेलं, 'हे खटले खरे आहेत ना?' ते म्हणालं, हो, खरे आहेत. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोकला. म्हणजे चोराला विचारायचं तू चोरी केलीस का, आणि तो नाही म्हणाला की चावी त्याच्याच हातात द्यायची!

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजात सॉफ्टवेअरमधून तपासत नाहीत का. तपासतात तर! यूजीसीचा २०१८ चा नियमच आहे. दहा टक्क्यांपर्यंत जुळलं तर माफ, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर द्यायचंच नाही, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. मला तोंडपाठ झालंय आता. ह्या मुलाचं किती आलं? चार टक्के! घरात म्हणे गंगेत घोडं न्हाल्याचा आनंद. कारण ते सॉफ्टवेअर बघतं की हा मजकूर आधी कुठे छापलाय का. यंत्र दर वेळी नवीन मांडणी करून देतं, मग जुळणार कशाशी? आणि नियमात लिहिलंय काय तर दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून दाखवणं. ते टक्क्यांत कुठे सापडतंय!

त्यात ह्या शहाण्याने आणखी एक केलं. यंत्राने दिलेलं कोणी ओळखू नये म्हणून ते दुसऱ्या एका वेबसाइटवर टाकलं, शब्द बदलून देणाऱ्या. तिथे 'ड्राय ग्रेप्स'चं 'थर्स्टी ग्रेप्स' झालं. तहानलेली द्राक्षं! भाचीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, ह्याला नावच पडलंय, टॉर्चर्ड फ्रेझेस, छळलेले शब्द. फ्रान्समधल्या तुलूजचे गियोम काबानाक म्हणून आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०२१ मध्ये शास्त्रीय मासिकांतून असले शब्द गोळा केले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं कोणी केलेलं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे खोट्या नाण्यासारखी खोटी जाणीव. आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'चं काय केलं असेल? 'बोझम पेरिल'! इश्श. मी तर ह्यांच्यासमोर उच्चारसुद्धा केला नाही. छापून आलंय हो हे.

पण वहिनी, एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला हाक मारून इथे उन्हात उभं केलं नसतं. मला जे लागलंय ते वेगळंच आहे.

मागच्या गल्लीतल्या शिंपीकाकांची मुलगी त्याच वर्गात आहे. हो, तीच, सायकलवरून जाते ती. तिचा विषय हरिपूरची पेवं. जमिनीत खोल खड्डे करून हळद साठवायची ती पद्धत, २००५ च्या महापुरात पेवांत पाणी गेलं आणि पार वाट लागली ना. पोरीने हरिपुरात जाऊन म्हातारेकोतारे गाठले, व्यापाऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. आणि प्रोजेक्टच्या शेवटी एक पान जोडलं, आपणहून. त्यावर लिहिलं, मी चॅटजीपीटी अमुक तारखांना वापरलं, ह्या ह्या कामाला वापरलं, लिखाण माझं आहे.

तर त्या तोंडीच्या दोन आठवडे आधी कोणाला बोलावून घेतलं असेल? तिला! मुलाला नाही, मुलाचं तर चार टक्के, गुणी बाळ. हिच्या त्या पानावरून सरांची शंका पेटली. त्यांनी प्रोजेक्ट कुठल्याशा डिटेक्टरमध्ये घातलं, यंत्राने लिहिलंय की माणसाने ते सांगतो म्हणे तो. त्याने सांगितलं, यंत्राने. झालं. पोरगी रडत रडत घरी. शिंपीकाका दोन दिवस मशीनवर बसले नाहीत. माझा ब्लाउज अजून तिकडेच आहे, पण मी चकार शब्द काढला नाही.

मी पुन्हा पुण्याला फोन. भाची अशी चिडली! म्हणाली, 'मामी, त्या डिटेक्टरवर कोणी नापास करतं का? चॅटजीपीटी काढलं त्या ओपनएआय कंपनीनेच स्वतःचा डिटेक्टर काढला होता, २०२३ च्या जानेवारीत. जुलैमध्ये गुंडाळला, नीट ओळखता येत नाही म्हणून.' आणि स्टॅनफर्डच्या लोकांनी काय केलं ऐका. टोफेलचे ९१ निबंध घेतले, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा माणसांनी स्वतः लिहिलेले. सात डिटेक्टरांतून काढले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेत असं उत्तर आलं! आणि अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. का, तर आपली मुलं इंग्रजी लिहिताना साधे शब्द, सरळ वाक्यं वापरतात, जपून. आणि त्या डिटेक्टरला जपून लिहिलेलं म्हणजे यंत्राचं वाटतं. घ्या! म्हणजे मराठी शाळेत शिकून इंग्रजीत लिहिलं हाच गुन्हा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २०२३ मध्येच असला डिटेक्टर बंद करून टाकला, आणि आपल्याकडे तो नवसाच्या देवासारखा पुजतायत.

टेक्सासच्या त्या मास्तरांची कथा तर तुम्हाला ठाऊकच असेल. नाही? अहो, २०२३ चा मे महिना. त्यांनी मुलांचे निबंध चॅटजीपीटीलाच चिकटवले आणि विचारलं, हे तू लिहिलंस का? ते काय, विचाराल त्याला हो म्हणतं. पोरांचे मार्क अडकले, पदवी घ्यायच्या तोंडावर. म्हणजे वकिलाने विचारलं तेच मास्तरांनी विचारलं.

तर काय सांगत होते... शिंपीकाकांची मुलगी. तिसऱ्या दिवशी ती डोळे पुसून परत गेली आणि सरांच्या टेबलावर काय ठेवलं माहितीये? शाईने माखलेली दोनशे पानी वही. हरिपूरच्या व्यापाऱ्यांनी काढून दिलेले पेवांचे नकाशे, पावत्यांचे फोटो. आणि लॅपटॉप उघडून ते व्हर्जन हिस्टरी का काय असतं ते दाखवलं. त्यात पहिल्या दिवसापासूनची सगळी खाडाखोड दिसते हो! कुठल्या रात्री किती वाजता कुठलं वाक्य लिहिलं, कुठलं पुसलं, सगळं. एक परिच्छेद तिने अकरा वेळा बदललेला. सर बघत राहिले. मग चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. शिपाई सांगतो, एवढा वेळ चष्मा पुसताना त्याने त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मी तिला मुद्दाम विचारलं, ब्लाउजच्या निमित्ताने गेले होते, की बाई गं, मग तू त्याच्याकडून करून काय घेतलंस? म्हणाली, 'काकू, मी त्याला लिहायला सांगितलंच नाही. रात्री त्याला म्हणायचे, तू परीक्षक हो आणि मला आडवेतिडवे प्रश्न विचार. ज्याचं उत्तर येईना ते दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन शोधायचं. अर्थशास्त्रातली एखादी कल्पना कळली नाही की मराठीतून समजावून सांग म्हणायचे, मग पुस्तकात ताडून बघायचं. दोनदा चुकीचं सांगितलं त्याने, तेही मी त्या पानावर लिहिलंय.' ऐकताय ना? यंत्राच्या चुकासुद्धा लिहून ठेवल्यात पोरीने. तिच्या तोंडीला त्याच द्राक्षवाल्या बाई होत्या. पाऊण तास गप्पा मारल्यासारखी तोंडी झाली म्हणतात.

पण मला सांगा, जिने खरं लिहिलं तिला आधी धरलं, आणि ज्याने लपवलं तो द्राक्षबाग आडवी आली नसती तर पेढे वाटून मोकळा झाला असता. पुढच्या वर्षीची पोरं काय शिकली असतील ह्यातून? ते पान जोडायचं नाही, एवढंच! भाची म्हणते, तिच्या विभागात आता उलटं केलंय. प्रत्येकाने ते पान द्यायचंच, वापरलं असेल तरी आणि नसेल तरी. काय विचारलं, काय घेतलं, काय टाकलं. आणि प्रत्येकाची पंधरा मिनिटं तोंडी. पानावरून कोणावर संशय घ्यायचा नाही, तोंडीत काय ते कळतंच. मास्तरांनीही असंच लिहून द्यावं असं मी तिला म्हटलं, तर हसली आणि म्हणाली, त्यावर एक किस्साच आहे. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात एका विद्यार्थिनीने फीच परत मागितली होती ना, प्राध्यापकांच्या नोट्समध्ये त्यांनी चॅटजीपीटीला दिलेली सूचना तशीच राहिलेली सापडली म्हणून? 'अजून सविस्तर लिही' अशी काहीतरी. फी काही मिळाली नाही तिला. पण त्या प्राध्यापकांचा चेहरा बघायला मी तिकीट काढून गेले असते.

कोपऱ्यावरच्यांच्या मुलाचं? कॉलेजने तशी दया दाखवली, दोन महिने दिले. हंगाम संपत आलेला, तरी गेला बिचारा स्कूटर घेऊन शेडवर. पहिल्या दिवशी बायांनी उभा केला नाही, मास्क लावून पँटशर्टात आलेला बघून त्यांना वाटलं मजुरीची तपासणी आली. चौथ्या दिवशी एकीने त्याच्या हातात घमेलं दिलं. मग बोलल्या. गंधकाची धुरी दिली की दोन दिवस घसा कसा धरतो, अवकाळी पाऊस आला की माल झाकायला मध्यरात्री कशी हाक येते, आणि त्या रात्रीचे पैसे हजेरीत कसे धरत नाहीत. असलं कुठल्या यंत्राला ठाऊक असणार, कोणी लिहूनच ठेवलं नाही तर! पोराचे डोळे उघडले, घरात जेवताना तेच बोलतो म्हणे. बायांचे आवाज फोनवर घेतलेत. ते भराभर उतरवून काढायला पुन्हा यंत्रात टाकणार होता, पण आता सरच म्हणाले, आधी त्या बायांना विचार, नावंगावं काढून टाक, मुकादमाच्या कानावर गेलं तर हंगामाला घेणार नाही कोणी त्यांना. सर शहाणे झालेत. तर तो आता कानाला हेडफोन लावून स्वतःच उतरवतोय, गच्चीत बसून. म्हणून तर म्हटलं, जास्वंदीकडे या.

आणि काल भिशीला काय झालं ते राहिलंच की! तुम्ही माहेरी होतात. कोपऱ्यावरच्या वहिनी आल्या, महिन्याभराने पहिल्यांदा. हातात डबा. सगळ्यांसमोर मधोमध ठेवला आणि म्हणाल्या, 'चिरोटे आहेत. विकतचे. त्या गृहउद्योगाचेच. मला पदर सुटतच नाहीत, कधीच सुटले नाहीत.' अशी शांतता पसरली म्हणता! सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्याकडे का, मी काय केलं होतं? मी आपली पुढे झाले, एक उचलला आणि खाल्ला.

बरे होते हो. जरा तुपकट. पण बरे होते... अहो, तुमचं दूध उतू जातंय बघा!